तोंडातले सतरा

माझा राग आमच्या पंचक्रोशीत प्रसिद्ध होता. जळगाव जामोदच्या बाजारात कोणी तावातावानं बोलायला लागलं की लोक म्हणायचे, "काय बे, अर्जुनराव गुरुजी अंगात आले काय तुह्या?" मी गणिताचा मास्तर. वर्गात पुस्तकी बोलायचो, पण राग आला की पुस्तकी भाषा पळून जायची आणि मूळची वऱ्हाडी तोंडात यायची. पोरं त्यावरूनच ओळखायची, की आता छडी निघणार.

या रागापायी मी एका पोरीची नोकरी बुडवायला निघालो होतो. तेच सांगायला बसलोय. उगाच स्वतःला गोड करून सांगणार नाही.

पंचाहत्तर सालचा जानेवारी. सिंधू ही माझी विद्यार्थिनी, गावातल्या बौद्ध वस्तीतल्या भिमाबाईची लेक. बाप ती लहान असतानाच गेला. आई रोजानं निंदायला जायची आणि मोठा भाऊ गुलाब मापारी होता, म्हणजे सुगीत खळ्याखळ्यावर जाऊन पायलीनं धान्य मोजून द्यायचा. त्या दोघांनी तिला खामगावला ठेवून बी.एस्सी. केलं. गणितात पहिला वर्ग! मी गावभर सांगत फिरलो, आमची पोट्टी, आमची पोट्टी. झुंबरबाई, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "अभ्यास तिनं केला अन् मिशीले पीळ तुमी देऊन राह्यले."

मग पेपरात जाहिरात आली. नागपूरच्या एका कचेरीत आकडेमोड करणारं मोठं यंत्र बसवलं होतं, संगणक. त्याला हुकूम लिहून देणारी माणसं पाहिजे होती. वीस जणांची परीक्षा घेणार, चार जण ठेवणार. सिंधूचं नाव विसांत आलं. परीक्षेआधी अभ्यास करा म्हणून कचेरीनं टपालानं एक पुस्तिका पाठवली. छत्तीस पानं, सगळी इंग्रजीत, सायक्लोस्टाईल केलेली. यंत्राला ज्या भाषेत लिहायचं तिचं नाव फोरट्रान. परीक्षा महिन्याच्या शेवटी.

एका रविवारी सकाळी सिंधू ती पुस्तिका घेऊन आमच्या ओसरीवर आली.

"गुरुजी, नवव्या पानावर अडून राह्यली मी. पुढं जाताच येईना."

मी चष्मा लावला आणि पाहिलं. पानाच्या मधोमध एक ओळ होती: एन = एन + १.

मी आधी हसलो. मग तिला म्हटलं, "दोन्हीकडून एन वजा कर. काय उरलं?"

"शून्य बरोबर एक."

"शून्य अन् एक सारखे असतात काय?"

"नाई, गुरुजी."

"मग झालं तर. छापणाऱ्यानं माती खाल्ली."

सिंधूनं पानं चाळली. "पण हे असं अकरा ठिकाणी आहे. मी मोजलं."

"मंग अकरा डाव माती खाल्ली!" मी ओरडलो, आणि माझी भाषा बदलली तशी सिंधू जरा मागं सरकली. शाळेतली सवय.

तुम्हाला वाटेल, एवढं चिडण्यासारखं काय होतं त्यात? अहो, अठरा वर्षं मी पोरांकडून एकच गोष्ट घोकून घेतली होती. बरोबरचं चिन्ह म्हणजे तराजूची दांडी. डाव्या पारड्यात जेवढं, तेवढंच उजव्या पारड्यात. दांडी कलली की गणित चुकलं. या एका दांडीसाठी मी किती छड्या मोडल्या त्याला गणती नाही. आणि आता नागपूरची एक कचेरी सरकारी कागदावर छापून सांगते, एन आणि एन अधिक एक सारखेच! म्हणजे मी अठरा वर्षं झक मारली?

मी तिथंच टाक आणि दौत मागवली. शब्दकोश जवळ घेऊन तीन पानांचं इंग्रजी पत्र लिहिलं. आपल्या पुस्तिकेत अकरा ठिकाणी घोडचूक आहे. शून्य आणि एक यांतला फरक ज्या कचेरीला कळत नाही, तिनं इतरांची परीक्षा घ्यावी हे नवल आहे. ही पुस्तिका सुधारून मिळेपर्यंत हा अभ्यासक्रम आम्हाला मान्य नाही. असं बरंच काही. लिहिताना मला फार बरं वाटत होतं. खाली सिंधूचा परीक्षा क्रमांक घातला आणि कागद तिच्यापुढं सरकवला.

"सही कर."

तिनं पत्र वाचलं. "गुरुजी, आपण नुसतं इचारलं तर? म्हणजे, हे काय आहे, आम्हाला समजलं नाही, असं?"

"त्यात इचारायचं काय? चूक थे चूक! सही कर."

तिनं टाक उचलला. तिचा हात कागदावर थांबला होता, ते मी पाहिलं. मला वाटलं, इंग्रजी पत्राची धास्ती असेल. मग तिनं सही केली. गुरुजी सांगतात म्हटल्यावर काय करणार बिचारी?

झुंबरबाई दारातून सगळं ऐकत होती. सिंधू गेल्यावर म्हणाली, "नोकरी तिची हाय का तुमची? तिच्या नावानं तुमी काऊन भांडून राह्यले?"

"तुले गणितातलं काय समजते?"

"गणितातलं नाई समजत. माणसातलं समजते."

मी पिशवी उचलली आणि स्वतः जाऊन पत्र पेटीत टाकून आलो.

एवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक होतं. पण मी सिंधूला बजावलं, की सुधारलेली पुस्तिका येईपर्यंत अभ्यास करायचा नाही. चुकीचं शिकलं तर ते विसरायला दुप्पट वेळ लागतो, हे माझं ठरलेलं वाक्य. तिनं ऐकलं. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. रोज दुपारी ती शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहायची. मोतीराम पोस्टमन सायकलवरून उतरायचा, तिला पाहून लांबूनच मान हलवायचा, नाही म्हणून. भिमाबाईनं लेकीला नागपूरला नेसायला म्हणून नवं पातळ आणून ठेवलं होतं, अंजिरी रंगाचं. मला रस्त्यात भेटली की विचारायची, "गुरुजी, माह्या पोरीचं होईन ना?" मी म्हणायचो, "काऊन नाई होणार? आपण खरे आहोत." खरं बोलणाऱ्याला नोकरी मिळतेच, असा माझा समज होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते काही उगाच नाही.

परीक्षेला आठ दिवस राहिले तेव्हा आमच्या खळ्यावर ज्वारी मोजायची होती. सरकारनं किलो आणले, बाजारात काटे लावले, पण खळ्यावर आमची पायलीच चालत होती. मापारी अर्थातच गुलाब. मळणी होऊन रास पडली होती. झुंबरबाईनं राशीला हळदकुंकू वाहिलं. गुलाबनं हातपाय धुतले, चूळ भरली, राशीच्या पाया पडला आणि गुडघे मोडून बसला.

मापाऱ्याचं मोजणं ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो. पहिल्या मापाला तो एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. पहिली पायली पोत्यात पडली की त्याचं तोंड सुरू होतं, "लाभ, लाभ, लाभ." दुसरी पायली भरेपर्यंत तो लाभच म्हणत राहतो. ती पोत्यात रिती झाली की "दोन, दोन, दोन." तिसरी पडेपर्यंत दोनच. बोटांच्या पेरांवर नाही, दोरीच्या गाठीवर नाही, आकडा सगळा तोंडात. म्हणून मोजणाऱ्या मापाऱ्याशी कोणी बोलत नाही. पाणी पाहिजे का म्हणूनसुद्धा विचारत नाहीत. विचारलंच तर तो हातानं सांगतो. तोंड मोकळं नसतं त्याचं.

गुलाबचं "बारा, बारा" चालू होतं तेव्हा सिंधू त्याची भाकर घेऊन आली.

"टपाल?" मी विचारलं.

"नाई, गुरुजी. आज बी काहीच नाई." तिचा चेहरा उतरून एवढासा झाला होता. "आठच दिवस राह्यले आता. मी... मी वाचू काय ते पुस्तक? समजलं नाई तरी?"

तिचा तो पडलेला आवाज ऐकून मला माझी चूक कळायला हवी होती. मला राग आला. त्या कचेरीचा.

"काय वाचते त्यात? एन म्हणे बरोबर एन अधिक एक! लेहणाराले लाज नाई, छापणाराले लाज नाई! एखाद्या अडाण्याले इचार, तो बी हासन!" आणि अडाणी म्हणून समोर कोण, तर गुलाब. त्याचं "सतरा, सतरा" चाललं होतं. मी भान सोडून त्यालाच हटकलं. "काऊन बे गुलाब, तुले पटते काय हे? सतरा बरोबर अठरा?"

"अवो!" झुंबरबाईनं तोंडावर हात घेतला. "मोजून राह्यला ना तो!"

गुलाबनं माझ्याकडं पाहिलं. एक हात वर करून थांबा अशी खूण केली. तोंडानं "सतरा, सतरा, सतरा" चालूच. पायली भरली, हातानं शीग चढवली, पोत्यात ओतली. "अठरा, अठरा, अठरा." पण आता तो मोजता मोजता सारखा माझ्याकडं पाहत होता, जणू सांगायचं काही होतं आणि तोंड मोकळं नव्हतं.

बासष्टवर रास संपली. चार दाणे खळ्यात राहू द्यायची रीत आहे, तसे त्यानं राहू दिले. उठला, चूळ भरली, पाणी प्याला. मग बहिणीला म्हणाला, "सिंधे, काय लेहलं हाय म्हंते पुस्तकात? पुन्हा सांग बरं."

सिंधूनं काडी घेतली आणि खळ्याच्या सारवलेल्या जमिनीवर, फुफाट्यात लिहून दाखवलं. एन = एन + १.

"एन म्हंजे काय?"

"एन म्हणजे कोणताही आकडा. यंत्राच्या आत ठेवलेला."

"आत कुठी?"

"एक खण असतो म्हणते. त्या खणाचं नाव एन."

गुलाबनं मान खाजवली. "गुरुजी, बोलू काय? रागवू नका."

"बोल."

"एन म्हंजे माह्यं तोंड हाय."

मी काहीतरी फटकन बोलणार होतो. झुंबरबाईनं माझ्याकडं असं पाहिलं, की गिळलं.

"आता पाहा," गुलाब म्हणाला, "माह्या तोंडात सतरा हाय. पायली रिती झाली. मंग मी काय करतो? तोंडात जे हाय थे घेतो, सतरा. त्याच्यात एक घालतो. अठरा झाले. थे तोंडात ठेवतो. सतरा गेले! आता तोंडात अठराच. तुमी मले इचारलं, सतरा बरोबर अठरा काय. नाई ना गुरुजी, कसे असतीन? पण तोंड तं तेच हाय. पयले त्याच्यात सतरा होते, मंग अठरा झाले. यंत्राजोळ तराजू नसन. तोंड असन."

सिंधू जमिनीवरच्या त्या ओळीकडं पाहत उकिडवी बसली होती. मग तिनं घाईघाईनं काडीनं त्या ओळीच्या वर दुसरी ओळ लिहिली. एन = ०.

"म्हणूनच!" ती ओरडली. "म्हणूनच आधी ही ओळ देतात! मला वाटे हे कशाला? मोजायच्या आधी तोंड रितं करून घेतात, दादा, तू चूळ भरतो तसं!"

"मंग? मागच्या खळ्याचा आकडा तोंडात राह्यला तं घोटाळाच ना."

"गुरुजी, हे सारखं आहे म्हणून सांगणं नाहीच! हे ठेवणं आहे! उजवीकडचं आधी करायचं, जे येईल ते डावीकडच्या खणात ठेवायचं. चिन्ह तेच वापरलं त्यांनी, पण काम दुसरं!" ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तीन आठवडे दाबून धरलेलं सगळं निघत होतं. "अकराच्या अकरा ठिकाणी बरोबर आहे, गुरुजी!"

बरोबर होतं. मला ते तिच्याइतकंच लख्ख दिसलं आणि त्याचबरोबर माझी तीन पानंही दिसली, शब्दकोशातून वेचून काढलेल्या एकेका टोमण्यासकट. खाली तिची सही. मी पोत्यावर बसलो.

"गुलाब," मी म्हटलं, कारण काहीतरी बोलायलाच पाहिजे होतं, "तुला रे हे कुठून सुचलं?"

"सुचाले काय त्यात? मी शाळेत बी असंच लेहलं होतं ना गुरुजी. तुमी मले बदडलं होतं."

त्यानं हे रागानं म्हटलं नाही. गेल्या साली पाऊस कमी होता, असं म्हणावं तसं म्हटलं.

"कधी?"

"सातवीत. तुमी खळ्याचंच गणित घातलं होतं. बारा पायल्या, मंग पाच, मंग चार, मंग सहा, एकून किती. मी बापासंग खळ्यावर जात होतो. बाप जसा तोंडानं बोले तसं मी पाटीवर लेहलं. बारा अधिक पाच बरोबर सतरा, अधिक चार बरोबर एकवीस, अधिक सहा बरोबर सत्तावीस. सलग, एकाच ओळीत."

"उत्तर बरोबर आहे," सिंधू हळूच म्हणाली.

"हाव. पण गुरुजी म्हणे, बारा अन् पाच एकवीस होतात काय बे? दांडी कलली म्हणे. अन् मंग..." त्यानं आपला उजवा तळहात उघडून पाहिला आणि मिटला. "दुसऱ्या दिवशी मी बापासंग खळ्यावर गेलो. मंग जातच राह्यलो."

मला हे आठवत नव्हतं. खरं सांगतो, मी खूप ताण दिला डोक्याला, पण ना ती पाटी आठवली, ना तो दिवस. त्याला सोळा वर्षं आठवत होतं. मला सोळा दिवससुद्धा आठवलं नसणार.

आता कोणी गणितातला जाणकार म्हणेल, पण गुरुजी, तसं लिहिणं चूकच. चूकच आहे. आजही मी फळ्यावर तसं लिहू देणार नाही. पण त्या पोराला मी एकदा तरी विचारायचं ना, की बाबा, असं का लिहिलंस? त्यानं सांगितलं असतं, बाप असा मोजतो म्हणून. दोन मिनिटांत समजावून झालं असतं. मी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात, चूक ते चूक.

त्या दिवसापासून सिंधू पुस्तिकेला बसली ती उठलीच नाही. आणि मी ठरवलं, नागपूरला आपण तिच्याबरोबर जायचं. गुलाबला सुगीची कामं होती, त्याला निघता येईना. झुंबरबाईनं दशम्या बांधून दिल्या आणि दारात मला म्हणाली, "तिथं डोकं थंड ठेवजा. तोंड उघडलं तं माफी मागाले उघडजा, नाई तं उघडूच नका."

नांदुऱ्यापर्यंत एस.टी. आणि तिथून आगगाडी. सिंधूनं ते अंजिरी पातळ नेसलं होतं. सगळ्या वाटेत ती मांडीवर कागद घेऊन हुकूम लिहीत होती. मी मनातल्या मनात माफी पाठ करत होतो.

कचेरीच्या दारात शिपाई यादी घेऊन बसला होता. त्यानं बोट फिरवलं आणि थांबला. सिंधूच्या नावावर तांबडी रेघ होती. शेजारी शेरा होता, या उमेदवारास अभ्यासक्रम मान्य नाही.

सिंधूनं हातातली पिशवी छातीशी धरली. देवाशप्पथ, त्या क्षणी मला धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. आणि तरीही, सवय वाईट हो, आतून राग उसळलाच. हे कोण टिकोजी लागून गेले, एका पत्रावरून पोरीचं नाव कापतात! तोंड उघडलंही होतं. मग झुंबरबाईचं वाक्य आठवलं, तोंड मिटलं आणि शिपायाला हात जोडून म्हटलं, "साहेबांना एकदा भेटू द्या. चूक माझी आहे."

साहेब माझ्यापेक्षा लहान होते वयानं. टेबलावर फाइल, फाइलमध्ये माझं पत्र. मला पाहून म्हणाले, "शून्य बरोबर एकवाले गुरुजी तुम्हीच का?"

"मीच. पत्र माझं, अक्षर माझं, राग माझा. हिनं नुसती सही केली, तीसुद्धा मी दटावल्यावर. ही म्हणत होती, आपण विचारू या. मीच म्हटलं, विचारायचं काय. शिक्षा द्यायची तर मला द्या, साहेब. अठरा वर्षं दुसऱ्यांना देत आलो आहे."

साहेबांनी पत्र पालथं घातलं. "विचारलं असतं तर मी पोस्टकार्डावर उत्तर धाडलं असतं, गुरुजी. तुम्ही तर निकालच लावून पाठवला."

मला गुलाबचा तळहात दिसला. मी मान खाली घातली.

साहेब सिंधूकडं वळले. "तुम्हाला आता काय वाटतं? एन बरोबर एन अधिक एक, खरं की खोटं?"

"खरंही नाही आणि खोटंही नाही, साहेब. ते सांगणं नाहीच. काम आहे."

"कोणी समजावलं?"

"माझ्या भावानं."

"ते काय करतात?"

"खळ्यावर ज्वारी मोजतात." आणि तिनं सगळं सांगितलं. लाभ, दोन, तीन. तोंड, चूळ, शून्य. सुरुवातीला आवाज कापत होता, मग कापायचा थांबला. साहेबांनी मध्येच विचारलं, "लाभ म्हणजे?" ती म्हणाली, "एक. पण पहिल्या मापाला आम्ही एक म्हणत नाही." त्यांनी पेन्सिलीनं माझ्या पालथ्या पत्रावर लिहून घेतलं, लाभ.

"बसा परीक्षेला," शेवटी म्हणाले. "पण बाकीच्या एकोणीस जणांनी महिनाभर अभ्यास केला आहे, हे लक्षात ठेवा."

"मी आठ दिवस केला आहे," सिंधू म्हणाली आणि गेली.

तीन तास मी आवारात फेऱ्या मारल्या. कचेरीची भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत चौऱ्याऐंशी पावलं आहे, अजून लक्षात आहे माझ्या.

फेब्रुवारीच्या मध्याला मोतीराम पोस्टमन घंटी वाजवत थेट बौद्ध वस्तीत शिरला. चार जणांत सिंधूचं नाव चौथं होतं. भिमाबाईनं भर रस्त्यात माझ्या हातात साखर घातली. लोक म्हणाले, गुरुजी, तुमची पोट्टी निघाली हो पुढं! मी म्हटलं, माझी नाही, तिच्या भावाची. त्यांना वाटलं, गुरुजी नम्र झाले.

सिंधू नागपूरला गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बाजारातून एक नवी पाटी आणली. तिच्यावर गुलाबची ती ओळ लिहिली, बारापासून सत्तावीसपर्यंत, सलग, त्यानं लिहिली होती तशीच. खाली लिहिलं, पैकीच्या पैकी. आणि संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. तो अंगणात बसून पायलीला तेल लावत होता. त्याची पोरगी जनका जवळच काहीतरी खेळत होती.

मी पाटी त्याच्या हातात दिली. त्यानं बोट फिरवत वाचली. वाचायला त्याला वेळ लागला.

"लय चांगलं अक्षर हाय तुमचं," म्हणाला. "पण आता काय करू गुरुजी मी याचं? माहे हात मापाचे झाले."

पाटी विकत मिळते, सोळा वर्षं कुठं मिळतात?

माझ्याकडं पाहून त्यालाच वाईट वाटलं असावं. त्यानं पोरीला जवळ ओढलं. "हे माही जनका. जूनमदी पाचवीत येते तुमच्या शाळेत. हिले मारू नका असं म्हनत नाई मी. चुकली तं मारा. पण पयले इचारा, काऊन असं लेहलं म्हून. मंग मारा."

मी रडलो. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, दुसऱ्याच्या अंगणात बसून, ओक्साबोक्शी. गुलाब बावचळला. पाणी आणायला आत धावला.

जनका माझ्याकडं टकामका पाहत उभी होती. गुरुजी रडतात हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. थोड्या वेळानं तिचं लक्ष पाटीकडं गेलं. नवीकोरी, लाकडी चौकटीची पाटी. तिनं ती हळूच ओढून घेतली, तळहातानं माझी सगळी ओळ पुसून टाकली आणि चांगली ठळक अक्षरं काढून आपलं नाव लिहायला लागली.

"अगं ए!" माझ्या तोंडातून निघालंच. हातही उठला होता थोडा. जनका दचकली, पाटी पोटाशी धरून मागं सरकली, सिंधू सरकायची तशीच.

मी हात खाली घेतला. डोळे पुसले.

"काऊन पुसलं वं?" मी विचारलं.

"मले माह्यं नाव लेहायचं होतं गुरुजी," ती म्हणाली. "जागाच नव्हती."

"बरोबर आहे," मी म्हटलं. "लेह."